तोत्तोचानची चित्रं जिची आहेत ती : चिहिरो इवासाकी

शेवंती

तेत्सुको कुरोयानागींचं, त्यांच्या लहानपणच्या शाळेवरचं 'तोत्तोचान' वाचलं नाही असा मराठी शिक्षक किंवा हौशी पालक सापडणं कठीण. नॅशनल बुक ट्रस्टने काढलेला चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा अनुवाद किती घरांत आहे, किती जणांनी तो भेट म्हणून दिलाय-घेतलाय. रेल्वेच्या डब्यातली शाळा, कोबायाशी मुख्याध्यापक, जेवणाच्या डब्यात थोडं डोंगरातलं नि थोडं समुद्रातलं हवं हा नियम, हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण आतली चित्रं कुणाची असं विचारलं की उत्तर येतं, असेल कुणी जपानी चित्रकार, पुस्तकासाठी काढून घेतली असतील.

तर ती चित्रं त्या पुस्तकासाठी काढलेलीच नाहीत. पुस्तक जपानमध्ये आलं १९८१ साली आणि चित्रकर्ती चिहिरो इवासाकी ८ ऑगस्ट १९७४ रोजी यकृताच्या कर्करोगाने गेली होती, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. कुरोयानागींचं हे लिखाण आधी लेखमाला म्हणून एका मासिकात येत होतं. त्या काळात त्या दर महिन्याला चिहिरोच्या संग्रहालयात जायच्या आणि तिच्या मुलाबरोबर बसून त्या महिन्याच्या मजकुराला शोभेल असं चित्र निवडायच्या. हजारो चित्रं समोर, त्यामुळे रुसलेली, पळणारी, टोपी घातलेली, पाठमोरी, हवी तशी मुलगी मिळायची. आपण ज्या मुलीला तोत्तोचान समजतो ती म्हणजे चिहिरोने वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या निमित्ताने काढलेल्या कितीतरी मुली आहेत.

मला या बाईबद्दल लिहायचंय ते एवढ्यासाठी की तिची ओळख 'गोड मुलांची गोड चित्रं' इथेच संपते, आणि तिचं आयुष्य बघितलं की तो गोडवा साधा वाटेनासा होतो.

जन्म १५ डिसेंबर १९१८, फुकुई प्रांतातल्या ताकेफू गावी. वडील लष्कराकडे बांधकामाचे अभियंता, आई मुलींच्या शाळेत शिक्षिका. तीन बहिणींत ही थोरली. वाढली तोक्योत, खाऊनपिऊन सुखी घरात. चौदाव्या वर्षापासून साबुरोसुके ओकादा या नामांकित चित्रकाराकडे शिकायला जायची. कलेच्या शाळेत जायची इच्छा मात्र आईवडिलांनी मोडून काढली. मग सुलेखन शिकली आणि त्यात इतकी तयार झाली की शिकवू लागली. हा सुलेखनाचा हात पुढे चित्रात उतरला.

१९३९ मध्ये घरच्यांनी लग्न लावून दिलं. तिला ते नको होतं. नवऱ्याबरोबर ती मांचुरियात (म्हणजे तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या ईशान्य चीनमध्ये), दालियानला गेली. १९४१ मध्ये नवऱ्याने आत्महत्या केली आणि ती एकटी परतली. यावर फार लिहिणं मला बरोबर वाटत नाही. पण पुढची चिहिरो समजून घेताना हे वगळून चालत नाही.

१९४४ मध्ये ती पुन्हा मांचुरियात गेली, वसाहतीला निघालेल्या मुलींबरोबर सुलेखनाची शिक्षिका म्हणून. तिथली दैना बघून त्याच वर्षी परत आली. तिची स्वतःची आई एका सरकारधार्जिण्या युवती संघटनेत होती, आणि मांचुरियातल्या वसाहतवाल्यांसाठी नवऱ्यामुली पाठवायच्या कामात तिचा हात होता. १९४५ च्या मे महिन्यात बॉम्बफेकीत तोक्योतलं घर जळालं. कुटुंब आईच्या माहेरी, नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोला गेलं. युद्ध संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्टला, तिने एक नवी वही सुरू केली. तीत चित्रं, मजकूर, स्वतःशी केलेली भांडणं असं सगळं आहे.

आपण ज्या सुखात वाढलो ते कशावर उभं होतं हे कळल्यावर ती जपानी कम्युनिस्ट पक्षात गेली. १९४६ मध्ये एकटीने तोक्यो गाठलं, एका वृत्तपत्रात बातमीदार म्हणून लागली आणि लेखांना चित्रंही काढू लागली. त्याच काळात इरी आणि तोशी मारुकी या दांपत्याकडे शिकली. हिरोशिमावरची प्रचंड चित्रं काढणारे ते हेच.

१९४९ मध्ये डॅनिश परीकथाकार अँडरसनच्या 'एका आईची गोष्ट'वर तिने कामिशिबाईची चित्रं केली. कामिशिबाई म्हणजे चित्रांचे पुठ्ठे एकामागून एक सरकवत गोष्ट सांगायची पद्धत. मृत्यूने नेलेल्या बाळामागे जाणाऱ्या, वाटेत डोळेसुद्धा देऊन टाकणाऱ्या आईची ती गोष्ट. १९५० मध्ये तिला शिक्षणमंत्र्यांचं पारितोषिक मिळालं. चित्रांवरच पोट भरायचं हा निर्णय या कामाच्या जोरावर झाला.

त्याच वर्षी जानेवारीत दुसरं लग्न. झेनमेई मात्सुमोतो तिच्याहून सात वर्षांनी लहान, पक्षातलाच कार्यकर्ता. समारंभ काय, तर भाड्याच्या खोलीत खोलीभर फुलं, वाइनची एक बाटली आणि दोन छान पेले. पुढे तो वकील झाला आणि १९६७ मध्ये संसदेतही निवडून गेला. मुलगा ताकेशी १९५१ चा.

तिच्या पुस्तकांबद्दल प्रतिसादांत बोलू. मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते १९६८ चं, पावसात घरी एकट्या राहिलेल्या मुलीचं पुस्तक. आई बाहेर गेलीय, पाऊस पडतोय, फोन वाजतो, पोरगी पडद्यामागे लपते. बस. शिकोशा प्रकाशनाचे संपादक ताकेइची यांनी तिला आग्रह केला होता की मजकुराला चित्रं जोडू नका, चित्रांनीच पुस्तक चालवा. त्यानंतर जवळजवळ दरवर्षी एक पुस्तक येत गेलं : घरी नवं बाळ येतं तो दिवस, शेजारी राहायला आलेलं मूल, पक्षी येतो तो दिवस, बर्फातला वाढदिवस. पक्ष्याच्या पुस्तकाला १९७३ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक जत्रेत चित्रांसाठीचं पारितोषिक मिळालं.

---

खडूफळा

मस्त धागा शेवंतीताई. डी.एड.च्या वर्षात आम्हाला तोत्तोचानवर वर्गात बोलायला लावायचे. सगळे कोबायाशींवर बोलायचे, चित्रांवर एकही नाही. लेखमाला चालू असताना दर महिन्याला चित्र निवडत होत्या, हे फारच आवडलं. म्हणजे चित्र लेखाच्या मागे नाही, बरोबरीने चाललंय.

---

टवाळ_टिटवी

लेख चांगला. पण खरं बोलू का? मला ही चित्रं कधीच भिडली नाहीत. सगळी मुलं गोरीगोमटी, गाल गुलाबी, नाकं टिंबाएवढी, हातात फूल. दवाखान्यातल्या कॅलेंडरवर शोभतील अशी. कम्युनिस्ट पक्षात जाऊन कामगारांची मळकी पोरं काढायची सोडून ही काय फुलंपाखरं! (हलके घ्या, पण उत्तर द्या.)

---

शेवंती

टिटवी, हलकं कशाला घेऊ, हाच प्रश्न तिच्या आसपासच्या लोकांनी तिला विचारला होता. तिच्या चित्रांत वास्तव नाही, ती फार गोड आहेत, ही टीका पन्नाशीच्या दशकात तिला सतत ऐकावी लागली, आणि तिला ती लागलीही. तिने स्वतः लिहून ठेवलंय त्याचा मथितार्थ असा : चिखलात लोळणारं मूल काढता येत नसेल तर माझं चित्र खऱ्या अर्थाने वास्तववादी नसेलही. पण मला चिखलाने माखलेलं, फाटक्या कपड्यांतलं मूलसुद्धा सुंदर आणि स्वप्नं असलेलंच दिसतं, त्याला मी काय करू?

१९६३ मध्ये 'कोदोमो नो शियावासे' या मासिकाची मुखपृष्ठं तिच्याकडे आली. विषय मुलं, बाकी पूर्ण मोकळीक. तिथून तिने लोकांचं ऐकणं बंद केलं असं म्हणता येईल. ते काम शेवटपर्यंत चाललं आणि तिचे बहुतेक प्रयोग त्याच मुखपृष्ठांवर झाले.

आणि आता मळक्या पोरांचं. १९७३ चं 'युद्धाच्या आगीतली मुलं' हे पुस्तक बघ. व्हिएतनामवर बॉम्ब पडत होते, हिची तब्येत ढासळत होती, तेव्हाचं ते काम. रंग जवळजवळ नाहीतच, पेन्सिल आणि राखाडी धुवट. त्यात एका पानावर आगीच्या लोळात बाळाला कवटाळलेली आई आहे. तिचे डोळे बघ आणि मग कॅलेंडरबद्दल बोलू. दुसऱ्या एका चित्रात लाल सायक्लामेनच्या पाकळ्यांमध्ये मुलांचे चेहरे आहेत. दरवर्षी फुलणाऱ्या फुलांत तिला मेलेली मुलं दिसतात. म्हणजे फूल आहेच, पण ते कशासाठी आहे बघ. त्याच्या आदल्या वर्षी तिने एका व्हिएतनामी कथेसाठीही चित्रं केली होती. तिला लढणारं मूल काढायचं नव्हतं. ज्याच्यावर बॉम्ब पडतोय ते मूल आधीच्या पुस्तकातल्या, पडद्यामागे लपणाऱ्या मुलीसारखंच दिसतं, आणि मला ते जास्त भयंकर वाटतं.

---

ओलाकागद

जलरंगात थोडीफार लुडबूड करणारा म्हणून तंत्राबद्दल लिहितो, कारण 'गोड' हा शेरा मारताना तंत्राकडे दुर्लक्ष होतं.

तिच्या साठीच्या दशकाच्या शेवटच्या आणि सत्तरीतल्या चित्रांत बऱ्याचदा बाह्यरेषाच नसते. ओल्या कागदावर रंग सोडायचा, तो पसरू द्यायचा, आणि नेमक्या क्षणी थांबवायचा. आपण शाळेत रंग 'फुटला' की मार्क कापून घेतले, तीच गोष्ट इथे मुद्दाम केलेली आहे. गालाचा रंग केसात मिसळतो, स्वेटरचा रंग पावसात. सगळं सैल दिसतं, पण डोळे आणि ओठ मात्र एका फटक्यात, अगदी नेमक्या जागी. तो फटका सुलेखनाचा आहे. 'काना' या जपानी लिपीची बारीक वळणं वर्षानुवर्षं गिरवल्याशिवाय ब्रशवर इतका ताबा येत नाही, आणि सुलेखनात खोडून परत लिहिता येत नाही. तिथे कोऱ्या जागेलाही अक्षराइतकंच वजन असतं. पांढरी जागा इतक्या बेधडकपणे सोडणारे चित्रकार पुस्तकांच्या जगात कमी आहेत. छापणाऱ्याला आणि विकणाऱ्याला पान भरलेलं हवं असतं.

ही शैली पहिल्यापासून नव्हती. सुरुवातीच्या कामावर केटे कोलवित्झ या जर्मन चित्रकर्तीची छाप दिसते : जाड रेष, काळोख, कष्टकरी बायामाणसं. तेव्हा टिटवीसाहेब, तुम्हाला हवी तशी चित्रं तिने आधीच काढून झाली होती :)

शिवाय समोर मॉडेल बसवून काढायची तिला फारशी गरज नव्हती. दहा महिन्यांचं बाळ आणि वर्षाचं बाळ यांतला फरक ती आठवणीतून दाखवू शकायची. हे किती अवघड आहे ते कुणीही कागद-पेन्सिल घेऊन करून बघा. आपण काढलेलं बाळ एकतर बाहुली होतं नाहीतर छोटा म्हातारा.

शेजारच्या मुलाचं पुस्तक तिने जलरंग सोडून पेस्टलमध्ये केलं. तिथे रेष खरखरीत आहे, मुलं भांडखोर दिसतात. हातखंडा शैली तयार झाल्यावर ती मोडायची हिंमत पन्नाशी ओलांडल्यावर दाखवली.

---

पारंब्या

कामिशिबाईवरून आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी आठवली. पोथीतली पानं एकेक दाखवत ठाकर मंडळी रामायण-महाभारत सांगतात. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण चित्र बदलायच्या क्षणाला श्रोता पुढे सरकतो, ते दोन्हीकडे सारखंच असणार.

---

मधुमालती

मुलगा १९५१ चा म्हणजे ती बत्तीस वर्षांची. नवरा शिकतोय, पैसे हिच्या चित्रांतून. मग बाळ कोण सांभाळत होतं? अशा लेखांत हे कधीच नसतं म्हणून विचारतेय.

---

शेवंती

मधुमालती, योग्य जागी बोट ठेवलंत. घर चालवायचं होतं, नवरा वकिलीच्या परीक्षेचा अभ्यास करत होता, भाड्याची एक खोली. शेवटी बाळाला महिन्या-दीड महिन्याचं असतानाच तिच्या आईवडिलांकडे नागानोत ठेवावं लागलं. वडील लष्करासाठी काम केलेले, त्यामुळे युद्धानंतर नोकरीची दारं बंद. ते दोघं मात्सुकावा गावात पडीक जमीन फोडून शेती करत होते. चिहिरो पैसे साठले की आगगाडीने बाळाला भेटायला जायची. मधल्या काळात आपलं दूध आटू नये म्हणून ती तोक्योत दुसऱ्या एका बाळाला पाजायची.

१९५२ मध्ये नेरिमा भागात शिमोशाकुजी इथे लहानसं घर बांधलं आणि मग तिघं एकत्र आले. बाळांच्या अंगाचा तिचा अभ्यास कुठून आला, हे ओलाकागद यांच्या प्रतिसादानंतर वाचलं की जरा वेगळं लागतं.

---

मधुमालती

दूध आटू नये म्हणून... अरे देवा. आणि लोक म्हणतात गोड चित्रं.

---

सुशीत_लोणचं

तोक्योकर हजर. तिचं घर होतं त्याच जागी १९७७ च्या सप्टेंबरमध्ये संग्रहालय सुरू झालं. चित्रपुस्तकांच्या चित्रांसाठी असलेलं हे जगातलं पहिलं संग्रहालय, असं ते सांगतात. सेइबू शिन्जुकू मार्गावरच्या कामी-इगुसा स्टेशनवर उतरायचं आणि वस्तीतून चालत जायचं. बाहेरून बघितलं तर शेजारच्या घरांत मिसळून गेलेलं. सध्याची इमारत २००२ ची, वास्तुविशारद हिरोशी नाइतो. आत तिची कामाची खोली पुन्हा जशीच्या तशी मांडली आहे. चित्रं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीचा विचार करून खाली लावतात, त्यामुळे मोठ्यांना वाकावं लागतं. माझी कंबर बोलली, पण पटलं.

मूळ चित्र जवळून बघितलं की छापील पुस्तकात किती हरवतं ते कळतं. पाण्याच्या कडा, कागदाचा खडबडीतपणा, पेन्सिलचे पुसट माग. कागद उजेडाने खराब होतो म्हणून मूळ चित्रं आलटून पालटून लावतात. एखादं विशिष्ट चित्र बघायचं असेल तर आधी चौकशी करून जा. संग्रहात तिची साडेनऊ हजारांच्या आसपास चित्रं आहेत, एका खेपेत थोडीच दिसणार. संचालकपदी कुरोयानागी स्वतः आहेत.

दुसरं संग्रहालय आझुमिनोला, म्हणजे वर आलेल्या त्याच मात्सुकावा गावात, १९९७ पासून. मागे जपानी आल्प्सच्या रांगा, भोवती भलं मोठं उद्यान. तिथे २०१६ मध्ये तोत्तोचानचं मैदान केलंय : जुने रेल्वेचे डबे आणून ठेवलेत आणि आत तोमोए शाळेचा वर्ग उभा केलाय. खरी शाळा तर १९४५ च्या बॉम्बफेकीतच जळाली. तेव्हा मराठी वाचकांनो, तोक्योपेक्षा तिथे जा. पोरं डब्यातून बाहेर यायला तयार नसतात.

---

खडूफळा

डबे!! चला, पैसे साठवायला घेतो.

---

रेघोट्या

साडेनऊ हजार मूळ चित्रं राहिली कशी, यावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

त्या काळी जपानमध्ये चित्र एकदा प्रकाशकाला दिलं की ते त्याचंच, असाच रिवाज होता. छापून झालं की मूळ कागद हरवायचा, फेकला जायचा, कुणीतरी घरी न्यायचं. पुन्हा छापलं तर चित्रकाराला विचारायचीही पद्धत नव्हती. चिहिरोने मूळ चित्रं परत मिळालीच पाहिजेत आणि हक्क चित्रकाराचा राहिला पाहिजे, असा आग्रह धरला, आणि मुलांच्या पुस्तकांच्या चित्रकारांच्या संघटनेतून त्यासाठी भांडली. नुसतं स्वतःपुरतं नाही. तिचा तर्क साधा होता : पुस्तकातलं चित्र म्हणजे मजकुराची सजावट नाही, ती एक स्वतंत्र कलाकृती आहे. तिने हे केलं नसतं तर कुरोयानागींना निवडायला हजारो चित्रं मिळाली नसती, आणि आपल्या हातातलं तोत्तोचान वेगळंच दिसलं असतं.

मी स्वतः दिवाळी अंकांसाठी चित्रं काढते. एका अंकाने माझी मूळ चित्रं घेतली ती घेतलीच. विचारलं तर "अहो, गठ्ठ्यात कुठेतरी असतील" असं उत्तर. दोन वर्षांनी त्यातलं एक दुसऱ्याच लेखाला चिकटलेलं दिसलं, नावाशिवाय. हल्ली स्कॅन पाठवते, कागद हातातून सोडत नाही.

---

ओलाकागद

रेघोट्या, +१. मोबदल्याचं तर बोलायलाच नको. "तुमचं नाव होईल की!"

---

टवाळ_टिटवी

बरं. युद्धाचं पुस्तक नेटवर जेवढं दिसतं तेवढं पाहिलं. आगीतली आई जबरदस्त आहे, मान्य. तो फुलांचा संदर्भही मान्य. पण माझा मूळ मुद्दा पूर्ण मागे घेत नाही. तिच्या मागे जो कप, रुमाल, कॅलेंडरांचा बाजार उभा राहिलाय त्यात नेमकी ती टोपीवाली मुलगीच असते, आगीतली आई नसते. लोकांनी तिच्यातलं सोयीचं तेवढं घेतलं. हा दोष तिचा नाही हे कबूल, पण 'गोड' शिक्का काही उगाच बसलेला नाही.

---

शेवंती

हे मात्र पटलं. तिने स्वतः म्हटलंय की मला शांत, सुंदर, गोजिऱ्या गोष्टी मनापासून आवडतात, आणि त्या मोडायला निघालेल्या ताकदीचा मला अतोनात संताप येतो. बाजाराने पहिला अर्धा भाग छापला.

अजून एक, कारण यावर कुणी फारसं लिहीत नाही. शेवटच्या काळात तिने मोठं होण्यावर एक छोटा लेख लिहिला. लोक तरुणपण परत मागतात, मला नको, असं ती त्यात म्हणते. विशीतली मी उथळ होते, काही समजत नव्हतं, इतके कष्ट काढून इथवर आले आणि आता मागे कशाला जाऊ? मोठं माणूस म्हणजे कितीही सोसावं लागलं तरी प्रेम मागण्यापेक्षा प्रेम देणारं, अशी तिची व्याख्या. मुलांची चित्रं काढणाऱ्यांनी बालपणाचे गोडवे गायचे असतात हा संकेत तिने पाळला नाही, म्हणून मला हा लेख आवडतो.

---

पारंब्या

अँडरसनवर तिने आणखी काही केलंय का? सुरुवात त्याच्यावर झाली म्हणून विचारतो.

---

सुशीत_लोणचं

पुष्कळ. अँडरसन तिचा आयुष्यभराचा लेखक. १९६६ मध्ये ती आईला घेऊन युरोपात गेली आणि डेन्मार्कमध्ये ओडेन्सेला त्याचं जन्मघर बघून आली. चंद्र रोज रात्री गरीब चित्रकाराला काय काय दिसलं ते सांगतो, ते अँडरसनचं पुस्तक तिने त्याच वर्षी रंगाशिवाय, नुसत्या काळ्या-पांढऱ्यात केलं. टिटवीदादांना सुरुवात करायची असेल तर तिथून करा, गुलाबी गाल औषधालाही नाहीत.

---

खडूफळा

सुशीत_लोणचं, आझुमिनोला मे महिन्याच्या सुट्टीत जमेल ना? की डिसेंबर बरा?

---

सुशीत_लोणचं

डिसेंबर अजिबात नको, ते संग्रहालय हिवाळाभर बंद असतं, मार्चपासून उघडतं. मे छान, फक्त महिन्याच्या सुरुवातीची जपानी सुट्ट्यांची गर्दी टाळा. मात्सुमोतोहून ओइतो मार्गाची लोकल घ्या, शिनानो-मात्सुकावा स्टेशनला उतरा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बाकीचं तिथे सांगतो.